जिवाणूतील सुप्त विषाणू यजमानाचे काय करतो, हे प्रयोगशाळेत कसे तपासावे

जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना फेज म्हणतात. त्यांपैकी काही जिवाणूत शिरल्यावर त्याला लगेच फोडत नाहीत. त्यांचा डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, पेशी दुभंगते तेव्हा तिच्याबरोबर दुप्पट होतो आणि पिढ्यानुपिढ्या वारसाने पुढे जातो. अशा बसलेल्या फेजला प्रोफेज म्हणतात आणि तो बाळगणाऱ्या जिवाणूला लायसोजेन. पाठ्यपुस्तकात हा विषय बहुधा एका आकृतीत उरकलेला असतो: डाव्या बाजूला फुटणारी पेशी, उजव्या बाजूला शांत पेशी. त्या शांत पेशीकडे पाहून विद्यार्थ्याची अशी समजूत होते, की विषाणू झोपलेला आहे तोवर यजमानाला त्याचे सोयरसुतक नसते. ही समजूत खोडून काढायला दोन-तीन आठवड्यांचा प्रकल्प पुरतो, आणि तो कसा करावा हे येथे सांगितले आहे.

सगळ्या प्रकल्पाचा आधार एकच आहे. प्रोफेजमुळे यजमानात काय बदलले, हे सांगायचे असेल तर तोच स्ट्रेन (जिवाणूचा एकच वंश) प्रोफेजसह आणि प्रोफेजविना, असा जोडीने हाताशी हवा. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवलेल्या स्ट्रेनची तुलना करून ‘लायसोजेन हळू वाढतो’ असे लिहिणारे प्रकल्प दरवर्षी पाहायला मिळतात. त्या दोन स्ट्रेनमध्ये प्रोफेजखेरीज आणखी शेकडो फरक असू शकतात, त्यामुळे अशा निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

जोडी तयार करणे

कामासाठी ई. कोलाय के-१२ आणि लॅम्डा फेज हीच जोडी घ्यावी. के-१२ हा स्ट्रेन १९२२ साली स्टॅनफर्ड येथे एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केलेला असून आता तो माणसाला अपाय करत नाही. मूळच्या के-१२ मध्ये लॅम्डा होताच, पण तो पुढची सुमारे तीन दशके कोणाच्या लक्षात आला नाही. जिवाणूंच्या आनुवंशिकतेवर काम करणाऱ्या एस्थर लेडरबर्ग यांच्या अतिनील किरण दिलेल्या पेशींपैकी एका वंशाने लॅम्डा गमावला होता. तो मूळ के-१२ बरोबर एकाच प्लेटवर वाढवला तेव्हा त्याच्या वसाहती कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या आणि त्यातून १९५० च्या सुमारास लॅम्डा उघडकीला आला. आज वापरात असलेला एमजी१६५५ हा लॅम्डारहित वंश आहे. तो आणि लॅम्डा फेज एखाद्या मान्यताप्राप्त जिवाणू संग्रहाकडून नाव-क्रमांकासह मागवावेत. शेजारच्या महाविद्यालयाच्या फ्रीजमधली, चिठ्ठी पुसट झालेली नळी उसनी आणू नये.

लायसोजेन आपण स्वतः तयार करणे सर्वांत चांगले. एमजी१६५५ च्या दाट थरावर लॅम्डाचे प्लाक, म्हणजे फेजने पेशी फोडल्यामुळे थरात दिसणारे गोल डाग, पाडले, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्लाकच्या मध्यभागी धुरकट ठिपका दिसतो. प्लेट उजेडासमोर तिरकी धरली तर तो बैलाच्या डोळ्यासारखा वाटतो: कडेला स्वच्छ कडे, आत पुन्हा गढूळपणा. त्या गढूळपणात वाढलेल्या पेशी म्हणजे फेजच्या हल्ल्यातून वाचलेल्या, आणि त्यांपैकी बहुतेक लायसोजेन झालेल्या पेशी. निर्जंतुक टाचणीने किंवा टूथपिकने फक्त मधला भाग उचलावा, नव्या प्लेटवर रेषा ओढून सुट्या वसाहती मिळवाव्यात आणि हीच कृती आणखी दोनदा करावी, कारण पहिल्या वेळी मुक्त फेजही सोबत येतात.

मिळालेली वसाहत खरोखर लायसोजेन आहे की नुसतीच फेजला दाद न देणारी, हे येथेच तपासून घ्यावे. लॅम्डा ज्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो ते माल्टोज आत घेणारे प्रथिन (लॅमबी) बिघडले, तरी पेशी लॅम्डापासून वाचते. मात्र तिच्यात प्रोफेज नसतो. दोन्ही प्रकारच्या वसाहती डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यासाठी लॅम्डाचा ‘व्हिर’ हा उत्परिवर्तित प्रकार वापरावा. लायसोजेनमध्ये फेजची जनुके बंद ठेवणाऱ्या दमनकारी प्रथिनाला तो जुमानत नाही, म्हणून लायसोजेनवर त्याचे प्लाक पडतात. लॅमबी बिघडलेल्या पेशीत मात्र त्यालाही शिरता येत नाही. साधा लॅम्डा चालत नाही आणि व्हिर चालतो, असे दिसले की वसाहत लायसोजेन आहे असे धरून पुढे जावे.

सुप्त फेजला जागे करणे

लॅम्डा शांत राहतो तो सीआय नावाच्या दमनकारी प्रथिनामुळे. हे प्रथिन फेजच्या डीएनएवरील ठरावीक जागांवर बसून पेशी फोडणारी सगळी जनुके बंद ठेवते. यजमानाच्या डीएनएला इजा झाली की पेशीतील रेकए हे प्रथिन सक्रिय होते, त्याच्या सान्निध्यात सीआय स्वतःचे तुकडे पाडून घेते, आणि बंद जनुके एकामागून एक उघडतात. थोडक्यात, यजमान संकटात आहे याची खबर फेजला यजमानाच्याच दुरुस्ती यंत्रणेकडून मिळते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांनी बॅसिलस मेगाटेरियमच्या एकेका पेशीचा द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत पाठलाग केला. शांतपणे वाढणारी पेशी विभागणीमागून विभागणी फेज सोडत नाही, तो सुटतो पेशी फुटतानाच, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर अतिनील किरणांनी जवळजवळ सगळ्या पेशी एकदम जाग्या करता येतात, हेही त्यांच्या गटाने १९५० मध्ये प्रसिद्ध केले. या पायावर पुढे उभ्या राहिलेल्या कामासाठी त्यांना, फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगशाळेत हे काम मायटोमायसिन सी हे डीएनएला इजा करणारे औषध देऊन करणे सोपे. लायसोजेन आणि एमजी१६५५ यांची ताजी कल्चर ३७ अंशांवर हलवत वाढवावीत. ६०० नॅनोमीटरवर ओडी (कल्चरच्या गढूळपणाचे, म्हणजे पेशींच्या दाटीचे माप) ०.३ च्या आसपास आली की प्रत्येक कल्चरचे दोन भाग करावेत आणि त्यांपैकी एका भागात मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम या प्रमाणात मायटोमायसिन घालावे. म्हणजे चार फ्लास्क झाले. चारांपैकी एकही गाळू नये, कारण मायटोमायसिनमुळे साध्या स्ट्रेनची वाढही मंदावते आणि तुलना नसेल तर हे मंदावणे प्रोफेजच्या खाती जमा होते. हे औषध कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारे आणि उजेडाने खराब होणारे आहे. हातमोजे घालूनच ते हाताळावे, कुपी काळ्या कागदात गुंडाळून ठेवावी आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये.

त्यानंतर तीन तास दर पंधरा मिनिटांनी ओडी घ्यावी. सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते, आकडे चढतच राहतात, आणि येथेच कंटाळून चहाला जाणारे विद्यार्थी नेमका क्षण चुकवतात. तासाभरानंतर, कधी आणखी अर्ध्या तासाने, मायटोमायसिन दिलेल्या लायसोजेनचा आकडा अडखळतो आणि मग झपाट्याने घसरतो. फ्लास्क हातात घेऊन फिरवला तर गढूळ दूधपाण्यासारखे दिसणारे कल्चर पातळ झालेले असते. फुटलेल्या पेशींचे तंतू त्यात तरंगतात आणि कधी डीएनएमुळे द्रवाला किंचित चिकटपणाही येतो. साध्या स्ट्रेनच्या फ्लास्कमध्ये असे होत नाही.

मायटोमायसिन नको असेल तर अतिनील दिव्याने काम भागते, मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. पेशी माध्यमातून काढून बफरमध्ये घ्याव्यात आणि उघड्या पेट्री डिशमध्ये त्यांचा पातळ थर पसरावा, कारण माध्यम स्वतःच किरण शोषून घेते. दिवा बंद केल्यावर पुढची वाढ अंधारात करावी, नाहीतर दृश्य प्रकाशाच्या मदतीने पेशी आपला डीएनए दुरुस्त करून घेते आणि फेज झोपलेलाच राहतो.

एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सांगून ठेवतो. क्लोनिंगसाठी वापरला जाणारा डीएच५ अल्फा स्ट्रेन हाताशी होता, म्हणून त्यातच लायसोजेन तयार केला आणि आठवडाभर मायटोमायसिनचे प्रमाण वाढवत बसलो. ओडी घसरली नाही ती नाहीच. डीएच५ अल्फामध्ये रेकए निकामी असते, म्हणजे खबर देणाराच नाही. फेज जागा होणार तरी कसा? अशा स्ट्रेनमध्ये काम करायचेच असेल तर सीआय८५७ हा उष्णतेने बिघडणारा दमनकारी असलेला लॅम्डा घ्यावा. त्याचा लायसोजेन ३० अंशांवर सुखाने वाढतो. पंधरा मिनिटे ४२ अंशांवर ठेवला की दमनकारी कोलमडतो आणि रेकएची गरजच पडत नाही.

प्लाक मोजणे आणि फसवे निकाल ओळखणे

फुटलेल्या कल्चरमध्ये थोडे क्लोरोफॉर्म घालून, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढावा. क्लोरोफॉर्मसाठी काचेची किंवा पॉलिप्रोपिलीनची नळी घ्यावी, पॉलिस्टायरीनची नळी त्यात विरघळू लागते. गाळणीतून क्लोरोफॉर्म जाऊ नये म्हणून तळाशी बसलेला थर हलवू नये. एमजी१६५५ थराच्या प्लेटसाठी ०.२ टक्के माल्टोज घातलेल्या माध्यमात वाढवावा. त्यामुळे लॅमबी भरपूर तयार होते. ग्लुकोज घातले तर नेमके उलटे होते. १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटही विसरू नये. द्रवाचे दहा-दहा पटीने विरलन करून प्रत्येकातील ०.१ मिलिलिटर भाग ०.२ मिलिलिटर पेशींत मिसळावा, दहा मिनिटे थांबावे, मग ४५ ते ४८ अंशांवर पातळ ठेवलेले ०.७ टक्के आगर तीन-चार मिलिलिटर घालून ते प्लेटवर ओतावे.

मोजणी साधी आहे. दहाच्या पाचव्या घाताच्या विरलनातील ०.१ मिलिलिटरमधून ८५ प्लाक आले, तर मूळ द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साडेआठ कोटी फेज होते. हीच मोजणी मायटोमायसिन न दिलेल्या लायसोजेनच्या द्रवावरही करावी. तेथेही प्लाक येतात, संख्येने बरेच कमी, पण येतातच. न डिवचता काही थोड्या पेशी आपणहून फुटत असतात. पुढे स्पर्धेच्या प्रयोगात हा आकडा लागतो.

निसर्गातून आणलेल्या स्ट्रेनवर हाच प्रयोग केला तर दोन ठिकाणी फसगत होते. काही जिवाणू कोलिसिन नावाची मारक प्रथिने बनवतात आणि मायटोमायसिनने तीही मोकळी होतात, त्यामुळे थरावर स्वच्छ डाग पडतो आणि फेज सापडल्याचा आनंद होतो. विरलन वाढवत नेले की खरे काय ते कळते: फेज असेल तर डागाचे रूपांतर मोजता येण्याजोग्या सुट्या प्लाकमध्ये होते, कोलिसिन असेल तर डाग नुसता फिका होत नाहीसा होतो. दुसरी फसगत उलट्या बाजूची. जनुके गमावलेला अपंग प्रोफेज पेशी फोडत नाही आणि प्लाकही देत नाही, पण म्हणून तो निरुपद्रवी किंवा निरुपयोगी ठरत नाही.

यजमानात काय बदलले ते पाहणे

येथून खरा प्रकल्प सुरू होतो. सर्वांत आधी संरक्षण तपासावे. लायसोजेनवर साधा लॅम्डा पडला तर आतले सीआय त्याच्याही डीएनएला बंद करते. हे आपण वर पाहिलेच. पण हा पोटभाडेकरू इतर फेजनाही घरात येऊ देत नाही. लॅम्डाच्या रेक्सए आणि रेक्सबी या जनुकांमुळे टी४ फेजचे आरटू गटातील उत्परिवर्तित प्रकार लायसोजेनमध्ये वाढू शकत नाहीत, साधा टी४ मात्र वाढतो. सीमोर बेंझर यांनी १९५५ पासून याच फरकाचा उपयोग करून एका जनुकाच्या आतल्या जागांचा नकाशा काढला. टी४ चे हे दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तर जोडीच्या दोन्ही स्ट्रेनवर त्यांचे थेंब टाकावेत. एकाच प्लेटवर निकाल समोर येतो.

दुसरा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा, कारण त्यात दमनकारी प्रथिन फेजची जनुके सोडून यजमानाच्या जनुकात हात घालताना सापडते. पीसीकेए हे ई. कोलायचे जनुक ग्लुकोज नसताना लागते, सक्सिनेटसारख्या पदार्थापासून पेशीला स्वतः साखर घडवावी लागते तेव्हा. या जनुकाच्या पुढ्यात सीआयला चिकटता येईल असा क्रम असतो, त्यामुळे लायसोजेनमध्ये ते दबलेले राहते. जोडीतील दोन्ही स्ट्रेन किमान माध्यमात (मोजकीच पोषकद्रव्ये असलेल्या), एकदा ग्लुकोजवर आणि एकदा सक्सिनेटवर, वाढवावेत. ग्लुकोजवर वाढीचे आलेख जवळजवळ एकावर एक बसतात, सक्सिनेटवर लायसोजेन मागे पडतो. प्रत्येक स्थितीत किमान तीन स्वतंत्र वसाहतींपासून सुरुवात करावी. एकाच कल्चरचे तीन भाग म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. या मंद वाढीचा अर्थ काय लावायचा, यावर मतभेद होऊ शकतात. अन्न कमी असलेल्या जागी हळू वाढणारी पेशी भक्षकाच्या किंवा प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटते, असा एक विचार मांडला गेला आहे. मला तो आकर्षक वाटतो, पण फ्लास्कमध्ये तो सिद्ध होत नाही, म्हणून अहवालात त्याला निष्कर्षाच्या रकान्यात जागा देऊ नये.

तिसरा प्रयोग स्पर्धेचा. लायसोजेन आणि एमजी१६५५ समान संख्येने एकत्र वाढवावेत आणि दर काही तासांनी नमुना घेऊन दोहोंची गणती करावी. त्यासाठी दोहोंपैकी एकावर आधीच प्रतिजैविकाची किंवा रंगाची खूण हवी. आपणहून फुटणाऱ्या थोड्या लायसोजेन पेशींतून सुटलेले फेज शेजाऱ्यांना मारतात, स्वतःच्या भावंडांना नाही. काही पेशींच्या बळीवर सगळ्या वंशाचा फायदा होतो. मात्र हा फायदा टिकत नाही, कारण मरण चुकवलेल्या शेजाऱ्यांपैकी काही स्वतःच लायसोजेन होतात आणि त्यांना तेच संरक्षण मिळते. म्हणून शेवटच्या दिवशी वाचलेल्या एमजी१६५५ च्या वसाहतींपैकी वीस-तीस खुणेवरून ओळखून घेऊन त्या लायसोजेन झाल्या का हे पाहावे. ही पायरी गाळली तर आलेख अर्धवटच कळतो.

फेज कोठे बसला आहे

प्रोफेजची जागा पाहण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. लॅम्डा सभ्य आहे. गॅल आणि बायो या जनुकसमूहांमधल्या मोकळ्या जागेत तो बसतो. सगळेच फेज असे नसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरिअसमधील एक फेजकुल बीटा-हिमोलायसिनच्या जनुकातच बसते आणि ते तोडते. बदल्यात माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणाऱ्या प्रथिनांची जनुके आणून देते. माणसांत सापडणाऱ्या बहुतेक स्ट्रेनमध्ये असा फेज असतो. लिस्टेरियामध्ये तर कॉमके या जनुकात बसलेला फेज जिवाणू भक्षकपेशीच्या आत अडकला असताना बाहेर पडतो, पण पेशी फोडत नाही. जनुक पुन्हा जोडले जाते आणि त्याच्या जोरावर जिवाणू निसटतो. येथे प्रोफेज यजमानाच्या जनुकाचा खटकाच बनला आहे.

जीनोमचा क्रम उपलब्ध असेल तर फास्टेस्टसारख्या साधनात तो घालून प्रोफेजचे संभाव्य पट्टे मिळवावेत. साधनाने ‘अखंड’ म्हटले म्हणून तो फेज जिवंत आहे असे मानू नये. तशी खात्री फक्त प्लेट देते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे एक-एक प्राइमर (डीएनएचा छोटा आरंभक तुकडा) ठेवून पीसीआर, म्हणजे त्यांमधल्या डीएनएच्या असंख्य प्रती करण्याची कृती, केली तर फेज निघून गेलेल्या पेशींत डीएनएचा छोटा तुकडा मिळतो, फेज असलेल्या पेशींत ते अंतर इतके मोठे असते की काहीच येत नाही.

विषाची जनुके

घटसर्प, कॉलरा आणि शिगा विष या तिन्हींची जनुके फेजबरोबर आलेली आहेत, त्यामुळे हा भाग वाचताना सगळ्यांना उत्साह येतो. प्रयोगशाळेत मात्र यांपैकी काहीही करू नये. हे जिवाणू महाविद्यालयीन टेबलावर आणण्याचे नाहीत. विषनिर्मिती न करणाऱ्या घटसर्पाच्या जिवाणूला योग्य फेज मिळाला की तो विष बनवू लागतो, हे व्हिक्टर फ्रीमन यांनी १९५१ मध्ये दाखवले. कॉलऱ्याचे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात ओळखले, आणि त्याची जनुके एका तंतुमय फेजवर असतात हे मॅथ्यू वाल्डर व जॉन मेकालॅनोस यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले. घटसर्पाच्या उदाहरणात एक गोष्ट सहसा नजरेआड होते: विषाचे जनुक फेजचे, पण ते कधी चालू करायचे हे ठरवणारा लोहसंवेदी दमनकारी यजमानाच्या गुणसूत्रावर असतो. लोह कमी पडले की विष तयार होते. शिगा विषाचे उलट आहे; ते जनुक फेजच्या उशिरा चालू होणाऱ्या जनुकांच्या ओळीत असल्याने फेज जागा झाला की विष वाढते. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलाय ओ१५७ च्या संसर्गात प्रतिजैविके टाळण्याचा सल्ला दिला जातो त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्या चार फ्लास्कमध्ये जे घडले तेच, रुग्णाच्या आतड्यात.

अपंग प्रोफेजचा प्रश्न राहिला. के-१२ मध्ये असे नऊ प्रोफेज आहेत आणि त्यांनी जीनोमचा सुमारे ३.६ टक्के भाग व्यापला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थॉमस वुड यांच्या गटाने हे नऊच्या नऊ काढून टाकले, तेव्हा जिवाणू क्विनोलोन आणि बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांना, तसेच मिठाच्या आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणाला अधिक बळी पडू लागला. आपण ‘प्रोफेजरहित’ म्हणून वापरलेल्या एमजी१६५५ मध्येही हे नऊ बसलेले आहेत. अहवालात त्याला म्हणूनच ‘लॅम्डारहित’ लिहावे.

काम संपल्यावर जोडीचे दोन्ही स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावेत, कुपीवर तारखेबरोबर लॅम्डा आहे की नाही हेही लिहावे, आणि फेजचा द्रव चार अंशांवर, स्ट्रेनच्या कपाटापासून दूर, वेगळ्या फ्रीजमध्ये ठेवावा. फेजसाठी वापरलेल्या पिपेटच्या टिपा फिल्टरच्याच असाव्यात. एकदा लॅम्डा कपाटात पसरला की पुढच्या तुकडीच्या ‘साध्या’ स्ट्रेनमधूनही प्लाक निघू लागतात, आणि तो कोठून आला हे शोधण्यात अख्खे सत्र जाते.